मैलांची खतावणी

१६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून निघालेले अलायन्स एअरचे एटीआर विमान अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावर उतरले आणि अमरावतीकरांची कित्येक वर्षांची वाट पाहणे संपले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू उद्घाटनाला हजर होते. १८५० मीटरची धावपट्टी, सत्तरेक आसनांचे विमान आणि आठवड्यातून तीन दिवस मुंबईची फेरी, एवढ्यावर ही सेवा सुरू झाली.

तारीख मात्र लक्षात राहण्यासारखी होती. बरोबर १७२ वर्षांपूर्वी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी आगगाडी सुटली. तिच्या चौदा डब्यांत सुमारे चारशे माणसे बसली होती. ती सगळी निमंत्रित होती. खिडकीवर पैसे मोजून कोणी आत शिरले नव्हते. बसायला मिळाले ते मान होता म्हणून.

चांगल्या जागेवर कोण बसणार, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक वाहनाला चिकटलेला आहे. सव्वाशे वर्षे त्याची दोनच उत्तरे होती: एक मान, दुसरे पैसा. गेल्या चार दशकांत तिसरे उत्तर आले. विमान कंपनीकडे जमवलेले मैल, म्हणजेच माइल्स, मोजून बिझनेस क्लासचे किंवा पहिल्या वर्गाचे तिकीट काढता येऊ लागले. अकोला-अमरावतीच्या ज्या घरांत पहिल्या वर्गाचे तिकीट कोणी कधी विकत घेतले नव्हते, त्या घरांतल्या आया आणि आजोबा आज विमानाच्या पुढच्या भागात आडवे झोपून अमेरिकेहून परत येतात. हा बदल कसा घडला, याची नोंद प्रवासाच्या इतिहासात सहसा कोणी करत नाही. ती व्हायला हवी.

वऱ्हाडात आगगाडी आली ती कापसासाठी. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला. वाटेत अकोला होते, बडनेरा होते. अमरावती शहर मात्र मुख्य मार्गापासून दहा किलोमीटर बाजूला राहिले. कापसाची एवढी मोठी पेठ बाजूला राहून चालणार नव्हते, म्हणून १८७१ मध्ये बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा काढला. त्याच्या आदल्या वर्षी खामगावचा फाटा सुरू झाला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. रॅली आणि व्होलकार्ट या युरोपीय पेढ्यांचे लोक कापूस खरेदीला वऱ्हाडात तळ देऊन असत. गाडीच्या पहिल्या वर्गात साहेब, दुसऱ्यात वकील आणि व्यापारी, आणि कापूस पिकवणारा तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर, अशी ही रचना होती. रेल्वेतला तिसरा वर्ग १९७४ पर्यंत टिकला.

परदेशी जाणारा वऱ्हाडी माणूस त्या काळी एवढा विरळा होता, की त्याचे जाणे सार्वजनिक घटना ठरे. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे १९०८ मध्ये विलायतेला गेले ते लोकमान्य टिळकांच्या शिक्षेविरुद्ध प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दाद मागायला. दोन वर्षांहून अधिक काळ तिथे राहून ते १९१० मध्ये परतले. पापळचे पंजाबराव देशमुख १९२० मध्ये शिक्षणासाठी बोटीने गेले आणि १९२६ मध्ये बॅरिस्टर आणि डॉक्टरेट होऊन आले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ बर्लिनला गेला आणि ऑलिंपिकच्या वेळी त्याने कबड्डी आणि इतर देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. चळवळ, शिक्षण किंवा संस्था यांपैकी काहीतरी पाठीशी असल्याशिवाय समुद्र ओलांडणे होत नसे. लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी जाता येईल, असे तेव्हा अमरावतीत कोणी म्हटले असते तर ऐकणाऱ्याला ते कळलेही नसते.

धावपट्टी वऱ्हाडात प्रवाशांच्या आधी आली. अकोल्याजवळच्या शिवणीची धावपट्टी १९४३ ची, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. बेलोऱ्याची त्यामानाने अलीकडची, १९९२ ची. दोन्ही ठिकाणी दशकानुदशके उतरली ती मुख्यतः मंत्र्यांची आणि उद्योगपतींची खासगी विमाने. सामान्य प्रवाशाला विमान म्हणजे नागपूरचे सोनेगाव.

सोनेगावची एक गोष्ट मात्र अभिमानाने सांगावी अशी आहे. ३० जानेवारी १९४९ पासून नागपुरात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे. चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला येत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी एकमेकांत बदलत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. सगळी विमाने एका मध्यवर्ती ठिकाणी आणून तिथून पुढे वाटून द्यायची, ही जगातल्या मोठ्या विमान कंपन्यांनी नंतर मोठ्या प्रमाणावर वापरलेली पद्धत नागपुरात तेव्हा रोज रात्री चालत होती. दिवसाच्या विमानापेक्षा या रात्रीच्या विमानाचे भाडे कमी असे. १९७३ मध्ये ही सेवा बंद झाली.

परदेशाचे भाडे मात्र आवाक्याबाहेरच होते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करत लंडनला गेले. एका बाजूचे भाडे १,७२० रुपये होते. सोने तेव्हा तोळ्याला शंभरीच्या आसपास होते. म्हणजे एका तिकिटात पंधरा तोळ्यांच्या वर सोने गेले असते. पहिल्या विमानात संस्थानिक होते, यात नवल नाही.

मैलांची कल्पना अमेरिकेतली, आणि ती स्पर्धेतून जन्मली. ऑक्टोबर १९७८ पर्यंत तिथल्या विमान कंपन्यांची भाडी आणि मार्ग सरकार ठरवी. कायदा बदलला, निर्बंध उठले, नव्या स्वस्त कंपन्या आल्या आणि भाडी कोसळू लागली. एकाच मार्गावर तीन-चार कंपन्या सारखेच विमान सारख्याच वेळी उडवू लागल्यावर प्रवाशाने आपल्याकडेच का यावे, हा प्रश्न उभा राहिला. १९७९ मध्ये टेक्सास इंटरनॅशनल या लहान कंपनीने प्रवासाचे मैल मोजून बक्षीस देण्याची योजना आणली. पण जगाने उचलली ती १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने सुरू केलेली ‘अ‍ॅडव्हान्टेज’. कंपनीकडे ‘सेबर’ नावाची संगणकीय आरक्षण व्यवस्था होती. तिच्यातल्या नोंदींत तेच ते फोन नंबर पुन्हा पुन्हा कुठे येतात हे शोधून नेहमीचे प्रवासी हुडकण्यात आले आणि त्यांना सभासद करून घेतले. काही दिवसांतच युनायटेडने ‘मायलेज प्लस’ जाहीर केली. मग कोणालाच मागे राहता येईना.

या व्यवहाराचे गुपित रिकाम्या खुर्चीत आहे. विमान सुटले की न विकलेली खुर्ची वाया जाते. ती नेहमीच्या गिऱ्हाइकाला बक्षीस म्हणून दिली तर कंपनीला खर्च जेवणाचा, थोड्या इंधनाचा आणि कागदपत्रांचा. घेणाऱ्याला मात्र ती हजारो डॉलरांची वाटते. त्यातही बिझनेस क्लासची खुर्ची सर्वांत किफायतशीर. तिचे रोख भाडे साध्या वर्गाच्या तिप्पट-चौपट असे, पण मैल बहुधा दुपटीच्या आसपास लागत. मैलांचे खरे मोल पुढच्या भागात आहे, हे जाणत्या प्रवाशांनी लवकर ओळखले.

वऱ्हाडच्या व्यापारी घरांना हा व्यवहार समजायला कठीण जाऊ नये. मैल म्हणजे कंपनीने लिहून दिलेली हुंडी. आज पैसे घेतले, सेवा पुढे देऊ असे लिहून दिले. हुंडी वटते की नाही हे पेढीच्या पतीवर अवलंबून असते, आणि मैलांचेही तसेच. फरक एवढाच, की इथे हुंडीवरची रक्कम पेढीला नंतर केव्हाही बदलता येते, आणि तसा अधिकार सभासदाने सही करताना आधीच देऊन टाकलेला असतो.

योगायोग असा, की ज्या १९८१ मध्ये अमेरिकेत मैलांची योजना आली त्याच वर्षी शिकागोत बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर गेलेले मराठी डॉक्टर आणि इंजिनीयर तोवर तिथे स्थिरावले होते. पण त्या पहिल्या लाटेत वऱ्हाडचा वाटा थोडा होता. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ मध्ये निघाले, तेवढाच काय तो आधार.

खरा फरक १९८३ ने केला. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी वऱ्हाडात बडनेरा, अकोल्याजवळचे बाभूळगाव आणि शेगाव अशी तीन महाविद्यालये उभी राहिली. या धोरणावर टीका पुष्कळ झाली आणि ती सगळीच चूक नव्हती. तरी एक गोष्ट मान्य करावी लागेल. पुण्या-मुंबईला मुलगा ठेवणे ज्यांना परवडत नव्हते, अशा तालुक्याच्या गावांतल्या शिक्षकांची, कारकुनांची आणि कास्तकारांची मुले घरून डबा नेऊन इंजिनीयर झाली. नव्वदच्या दशकात संगणकाच्या कामासाठी अमेरिकेने दारे उघडली तेव्हा ही मुले पात्र होती. मग ‘मुलगा स्टेट्सला आहे’ हे वाक्य दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरला नवे राहिले नाही.

ही मुले दर दोन-तीन वर्षांनी घरी येत. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे ७,८०० मैल. जाऊन-येऊन साडेपंधरा हजारांच्या वर. प्रत्यक्ष उडालेल्या मैलाला एक मैल खात्यावर, असा त्या काळचा साधा हिशेब होता. अमेरिकेअंतर्गत फुकट तिकिटाला कितीतरी वर्षे २५,००० मैल लागत. म्हणजे भारताच्या दोन खेपा झाल्या की एक तिकीट पदरात. तिथला स्थानिक माणूस आठवड्याला विमानात बसून जे जमवी, ते दूर घर असलेल्या माणसाला दोन खेपांत मिळे. मैल मोजण्याच्या पद्धतीत लांबचे घर हाच मोठा लाभ होता. भारतीय कुटुंबांनी त्यामुळे या योजना मन लावून समजून घेतल्या.

मे १९९७ मध्ये युनायटेड, लुफ्तान्सा, एअर कॅनडा, थाई आणि एसएएस या पाच कंपन्यांनी ‘स्टार अलायन्स’ स्थापन केले आणि एका कंपनीत जमलेले मैल दुसरीच्या विमानात खर्च करण्याची सोय व्यापक झाली. शिकागोतल्या नोकरीत युनायटेडवर जमवलेले मैल फ्रँकफर्टमार्गे मुंबईच्या लुफ्तान्सावर चालू लागले. २००० च्या सुमारास ब्रिटिश एअरवेजने बिझनेस क्लासमध्ये पूर्ण आडवे होणारे आसन आणले आणि हळूहळू इतरांनी तेच केले. तेव्हापासून मैल मोजून मिळते ती झोप. साठी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या, पायांना सूज येणाऱ्या माणसाला ही चैन वाटत नाही. पंधरा तास बसून राहण्यातून झालेली ती सुटका असते. १ ऑगस्ट २००७ पासून एअर इंडियाने मुंबई-न्यूयॉर्क थेट विमान सुरू केले आणि जुलै २०१४ मध्ये एअर इंडिया स्टार अलायन्समध्ये आली. आता इंग्रजी न बोलणाऱ्या आईला फ्रँकफर्टच्या विमानतळावर फलक वाचत पळावे लागणार नव्हते, आणि मुलाचे अमेरिकन मैल तिच्या एअर इंडियाच्या तिकिटाला चालणार होते.

अकोल्याच्या कुठल्याही कॉलनीत या प्रवासाची तयारी पाहायला मिळते. बाळंतपणासाठी निघालेल्या आईच्या बॅगेत डिंकाचे लाडू, आळीव, ओवा, बाळंतशोपा, ज्वारीचे पापड, कुरड्या आणि बाळासाठी जुन्या मऊ सुती लुगड्याच्या शिवलेल्या दुपट्यांचा थर. वजनकाटा शेजारून आणलेला. साध्या वर्गात २३ किलोच्या दोन बॅगा, बिझनेसमध्ये बहुतेक कंपन्यांच्या ३२ किलोच्या दोन. म्हणजे अठरा किलोंचा फरक, आणि तो भरायला सगळे घर धावते. मग संध्याकाळी अमरावती किंवा बडनेऱ्याहून, नाहीतर अकोल्याहून रात्रीची गाडी धरायची आणि सकाळी मुंबई. बिझनेस क्लासचे तिकीट हातात असलेली ही बाई स्लीपरच्या किंवा थ्री टिअरच्या मधल्या बर्थवर रात्र काढून विमानतळावर येते. तिथे तिला लाउंज आहे, वेगळी रांग आहे, बसल्याबरोबर सरबत आहे. पगारातून तिकीट काढायचे असते तर मुलाने तिला साध्याच वर्गात बसवले असते, आणि तिनेही तेच हट्टाने सांगितले असते. मैल झाले म्हणून संकोच न करता ती बसते. या योजनांनी केलेले हे एक काम आमच्या दृष्टीने इतर सगळ्या फायद्यांपेक्षा मोठे आहे.

भारतात मैल आले ते मक्तेदारी सुटल्यावर. १९५३ मध्ये हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले; पुढची चाळीस वर्षे प्रवाशाला निवडच नव्हती, मग त्याला बक्षीस कशाला? मे १९९३ मध्ये जेट एअरवेजचे पहिले विमान उडाले, पुढच्या वर्षी तो जुना कायदा रद्द झाला आणि त्याच वर्षी जेटने ‘जेट प्रिव्हिलेज’ सुरू केली. नागपूर-मुंबई करणाऱ्या वऱ्हाडातल्या व्यापाऱ्यांच्या, डॉक्टरांच्या आणि औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींच्या पाकिटात तिची कार्डे दिसू लागली. मे २००५ मध्ये किंगफिशर आली आणि तिची ‘किंग क्लब’ आली.

या दोन्ही कंपन्या बुडाल्या, पण त्यांच्या मैलांचे जे झाले त्यातला फरक समजून घेण्यासारखा आहे. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली आणि त्याच महिन्यात परवाना निलंबित झाला. तिची बक्षीस योजना कंपनीच्या पोटातच होती. कंपनी गेली तसे किंग माइल्स गेले. कोणाकडे पन्नास हजार होते, कोणाकडे लाखभर. त्यांची किंमत शून्य झाली. कर्मचाऱ्यांचे पगार थकले होते, बँकांची हजारो कोटींची देणी होती; मैलवाल्याला विचारतो कोण?

जेटने मात्र आपली योजना वेगळ्या कंपनीत काढली होती, आणि तिचा ५०.१ टक्के हिस्सा अबुधाबीच्या एतिहादने १५ कोटी डॉलरला घेतला होता. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेटचे शेवटचे विमान अमृतसरहून मुंबईला आले आणि कंपनी बंद पडली. सभासदांचे मैल खात्यावर तसेच राहिले. त्या वर्षाअखेरीस योजनेला ‘इंटरमाइल्स’ हे नाव मिळाले आणि मैल इतर विमानांची तिकिटे, हॉटेल, पेट्रोल यांसाठी वापरता येऊ लागले. पण जेटच्या बिझनेस क्लासमधून लंडनला जाण्यासाठी दहा वर्षे साठवलेले मैल हॉटेलच्या खोलीवर खर्च करताना प्रवाशाच्या हाती पूर्वीचे मोल राहिले नव्हते. हुंडी वटली, पण बट्टा कापून.

दरम्यान विमानात न बसता मैल जमवण्याची वाट खुली झाली होती. १९८७ मध्ये सिटी बँकेने अमेरिकन एअरलाइन्सबरोबर कार्ड काढले: किराणा, विमा, मुलांची फी, जे काही कार्डावर खर्च कराल त्यावर मैल. बँक हे मैल विमान कंपनीकडून आगाऊ रोखीने विकत घेते. हा धंदा किती मोठा झाला ते २०२० मध्ये उघड झाले. करोनाने विमाने जमिनीवर बसली तेव्हा युनायटेडने मायलेज प्लस तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले. त्या योजनेचे मूल्य सुमारे २,१९० कोटी डॉलर धरले होते, आणि शेअर बाजारात संपूर्ण युनायटेड कंपनीची किंमत त्या वेळी त्याहून कमी होती. विमानांपेक्षा मैलांची वही महाग झाली होती.

भारतीय बँकांनी हाच मार्ग धरला. आज अमरावतीच्या राजापेठेतला किंवा अकोल्याच्या गांधी रोडवरचा दुकानदार परदेशी विमानात पाऊलही न ठेवता कार्डावरचे पॉइंट सिंगापूर एअरलाइन्सच्या ‘क्रिसफ्लायर’ किंवा एअर कॅनडाच्या ‘एरोप्लान’मध्ये वळवू शकतो. पंचवीस वर्षे परदेशातल्या मुलाच्या खात्यावर अवलंबून असलेले घर आता स्वतःच्या खात्यावर तिकीट काढू लागले आहे.

कंपन्यांनी याच काळात हात आखडता घेतला, हेही सांगितले पाहिजे. २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेडने अंतराऐवजी भाड्याच्या रकमेवर मैल द्यायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी अमेरिकननेही तेच केले. लांबच्या घराचा जो फायदा होता तो गेला. स्वस्तातले तिकीट काढून बारा हजार किलोमीटर येणाऱ्याला कमी, आणि कंपनीच्या पैशाने महागडे तिकीट काढून तासभर उडणाऱ्याला जास्त. डेल्टाने किती मैलांना कुठले तिकीट मिळेल याचा छापील तक्ताच काढून टाकला. २०१९ मध्ये युनायटेडने तेच केले. तक्ता होता तोवर प्रवाशाला पुढचे दिसत होते. पाच वर्षांनी आईला आणायचे तर किती जमवावे लागतील हे आज ठरवता येई. हा आधार काढून घेणे अन्यायाचे होते, आणि बिनबोभाट झाल्यामुळे ते अधिक खटकते.

तरी तिकिटे मिळतात. ती मिळवणाऱ्यांची रीत ठरलेली आहे. कंपनी वेळापत्रक खुले करते तेव्हा, म्हणजे प्रवासाच्या अकरा-बारा महिने आधी, बक्षिसाच्या थोड्या जागा सोडते. उरलेल्या बऱ्याचदा शेवटच्या पंधरवड्यात सुटतात. दिवाळी, मे महिना आणि नाताळ सोडून तारीख धरली तर शक्यता वाढते. तिकीट मैलांवर असले तरी कर रोखीने भरावे लागतात, आणि काही कंपन्या इंधनाच्या नावाखाली मोठी रक्कम लावतात. एरोप्लानने नोव्हेंबर २०२० पासून हा अधिभार काढून टाकला, म्हणून जाणकार तिकडे वळतात. बँकेचे पॉइंट एकदा वळवले की परत येत नाहीत. म्हणून आधी जागा पाहायची, मग पॉइंट वळवायचे.

आपल्याकडची सर्वांत नेहमीची अडचण मात्र नावाची असते. पासपोर्टवर स्वतःचे आणि नवऱ्याचे किंवा वडिलांचे नाव एकत्र, खात्यावर नुसती आद्याक्षरे, कार्डावर माहेरचे आडनाव. काउंटरवर हे जुळत नाही. क्रिसफ्लायरसारख्या योजनेत ज्यांच्यासाठी तिकीट काढायचे अशा पाच जणांची यादी द्यावी लागते. ती पासपोर्ट समोर ठेवूनच भरावी.

२०२४-२५ च्या वर्षभरात बरेच काही एकत्र घडले. ऑगस्ट २०२४ मध्ये, अठरा वर्षे बक्षीस योजनेशिवाय धंदा केलेल्या इंडिगोने ‘ब्लूचिप’ जाहीर केली. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तिच्या सभासदांचे गुण एकास एक दराने वळते झाले आणि एअर इंडियाची योजना ‘महाराजा क्लब’ या नावाने पुढे आली. पाच महिन्यांनी बेलोऱ्याला विमान उतरले. तेव्हा तिथेच एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहत होती आणि तिच्यासाठी ३४ प्रशिक्षण विमानांची मागणी नोंदवली गेली होती.

पण बेलोऱ्याचे विमान आणि महाराजा क्लब यांची गाठ सहज पडत नाही. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा अलायन्स एअर सरकारकडेच राहिली, आणि त्या वर्षी १५ एप्रिलपासून दोघींची तिकीटव्यवस्था वेगळी झाली. अमरावती-मुंबई आणि मुंबई-न्यूयॉर्क अशी दोन स्वतंत्र तिकिटे काढली, की पहिल्या विमानाला उशीर झाला म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही. शिवाय लहान विमानात सामानाची मर्यादा १५ किलोच्या घरात, आणि बिझनेस क्लासच्या बॅगा चौसष्ट किलोंच्या. अमेरिकेला जाणारी आई म्हणूनच अजून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठते. अकोलेकरांना तर हाही पर्याय नाही. शिवणीची धावपट्टी वाढवण्यासाठी लागणाऱ्या जमिनीचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळत राहिला. बेलोऱ्याच्या सेवेला मुंबईच्या मोठ्या विमानांशी जोडणारे एकच तिकीट मिळावे आणि शिवणीच्या जमिनीचा निकाल लागावा, एवढी मागणी दोन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी लावून धरली पाहिजे.

वाचकांनी स्वतःकरता करण्यासारखे एक काम आहे. घरातल्या प्रत्येकाच्या कार्डावर आणि विमान कंपन्यांच्या खात्यांवर किती पॉइंट पडून आहेत ते या महिन्यात तपासा. क्रिसफ्लायरचे मैल छत्तीस महिन्यांनी संपतात. युनायटेडचे संपत नाहीत, पण त्यांची किंमत घटते. सभासदाचे निधन झाले तर अनेक योजनांत वारसाला काही मिळत नाही. आई-वडिलांची प्रकृती प्रवास झेपण्याजोगी आहे तोवर त्यांच्या नावाने तिकीट काढा, आणि ते पुढच्या वर्गाचे काढा.